वाळूने शिकविलेला संयम

दुबळा मनुष्य आपोआपच साधू होतो, अशा आशयाचे एक उपरोधिक सुभाषित आपणां सर्वांच्या कानांवरून केव्हा ना केव्हा गेलेले असते. त्यातला उपहास बाजूला ठेवला तर खाली एक गंभीर प्रश्न उरतो. ज्याला पाप करण्याची संधीच मिळाली नाही, त्याच्या निष्पापपणाला सद्गुण म्हणावे काय? परिस्थितीने ज्याचे हात बांधून ठेवले, त्याच्या संयमाचे श्रेय त्याला द्यावे की त्या दोरीला?

सरकारी चाकरीत ज्यांची हयात गेली, त्यांना हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. दोन तरुण एकाच वर्षी सेवेत शिरतात. एकाच्या वाट्याला दप्तरखाना येतो, दुसऱ्याच्या वाट्याला ठेके आणि परवाने. तीस वर्षांनी पहिला निष्कलंक निवृत्त होतो आणि दुसऱ्याच्या नावाभोवती कुजबूज चालू असते. पहिल्याच्या निरोपसमारंभात सचोटीवर भाषणे होतात. ती ऐकताना एखाद्या चाणाक्ष श्रोत्याच्या मनात शंका डोकावतेच, की या गृहस्थांना दुसऱ्याच्या खुर्चीवर बसविले असते तर काय झाले असते?

या प्रश्नाचा विचार व्यक्तींची उदाहरणे घेऊन केला की चर्चा हटकून व्यक्तींच्या गुणदोषांवर घसरते. राग-लोभ मध्ये येतात आणि मूळ प्रश्न दूर राहतो. म्हणून येथे माणसाऐवजी एका भूमीचे उदाहरण घ्यावे असा माझा विचार आहे. ती भूमी आपल्यापासून फार दूर, अमेरिकेत, रॉकी पर्वताच्या पूर्वेस आहे. तिकडे तिला ‘हाय प्लेन्स’, म्हणजे उंचावरील मैदाने, असे म्हणतात. दक्षिण डकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांच्या भूमीखाली वाळू, रेती आणि गोटे यांचा एक विस्तीर्ण थर पसरलेला आहे. लक्षावधी वर्षांपूर्वी पर्वतावरून वाहत आलेल्या नद्यांनी हा गाळ तेथे आणून टाकला आणि त्याच्या कणाकणांमधील पोकळीत पाणी साठत गेले. या जलसंचयाला नेब्रास्का राज्यातील एका गावावरून ‘ओगलाला’ हे नाव मिळाले. त्याचे आणि त्याला जोडलेल्या थरांचे मिळून क्षेत्र सुमारे १,७४,००० चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ दीडपट आहे. या एकाच संचयाच्या दोन टोकांना दोन अगदी भिन्न कथा घडल्या. आपला प्रश्न त्या दोन कथांच्या मधोमध उभा आहे.

पहिली कथा उत्तरेकडची. नेब्रास्कात ‘सँडहिल्स’ नावाचा सुमारे २०,००० चौरस मैलांचा प्रदेश आहे. नावाप्रमाणेच ही वाळूच्या टेकड्यांची भूमी होय. काही टेकड्या चारशे फूट उंच आणि कित्येक मैल लांब आहेत. परंतु ही वाळू राजस्थानातल्यासारखी उघडी नाही. तिच्यावर गवताचे पांघरूण आहे. ते पांघरूण पातळ आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणांत ते विरले होते आणि टेकड्या पुन्हा चालू लागल्या होत्या, असे भूशास्त्रज्ञांनी वाळूच्या थरांवरून दाखवून दिले आहे. आजही एखाद्या ठिकाणी गवत तुटले की वारा तेथे शिरतो आणि बघता बघता टेकडीच्या कुशीत मोठा खड्डा पोखरतो.

या प्रदेशाचे खरे नवल मात्र पाण्यात आहे. पाऊस वर्षाला जेमतेम वीस इंचांच्या आसपास पडतो. तो वाळूवर वाहत नाही, सरळ आत मुरतो. त्यामुळे टेकड्यांवर ओढे-नाले जवळजवळ नाहीत, आणि टेकड्यांमधल्या सखल भागात मात्र हजाराहून अधिक तळी आहेत. ही तळी म्हणजे वरून वाहून आलेल्या पाण्याचे साठे नव्हेत. जेथे जमीन पुरेशी खोल गेली, तेथे भूमिगत पाण्याची पातळीच उघडी पडली आहे. तळ्यांच्या काठच्या ओल्या कुरणांत हिवाळ्यासाठी गवत कापून ठेवतात. लूप, नायोब्रारा, डिस्मल या नद्यांचे पाणीही बव्हंशी याच साठ्यातून येते. म्हणून त्यांचा प्रवाह पावसाळी नद्यांसारखा कधी रोडावत नाही आणि कधी माजत नाही. ‘डिस्मल’ म्हणजे उदास. परंतु या उदास नदीच्या पात्रात तळची वाळू उकळत्या आधणासारखी वर उसळविणारे झरे आहेत.

अशा भूमीवर माणसे किती राहतात? या प्रदेशातील चेरी काउंटी क्षेत्रफळाने आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी आहे. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली एकसष्ट लाखांच्या घरात होती; चेरी काउंटीची २०२० साली साडेपाच हजारांहूनही थोडी कमी होती. तेथे गुरे पाळणारे लोक राहतात. त्यांच्या विस्तीर्ण कुरणांना ‘रँच’ म्हणतात. एका गायीला वर्षभर पुरण्यासाठी तेथे दहा ते वीस एकर गवत लागते. त्यावरून या विरळ वस्तीचे कारण ध्यानात यावे.

ही व्यवस्था कोणी शहाणपणाने आखून दिली असे मात्र नाही. शहाणपणाची सूचना आली होती, ती कोणी ऐकली नाही. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञाने १८७८ साली रुक्ष प्रदेशांतील जमिनींविषयी सरकारला एक अहवाल सादर केला. यादवी युद्धात त्याने उजवा हात गमावला होता, आणि १८६९ साली एका हाताने त्याने कोलोरॅडो नदीच्या भयंकर घळींतून नौकाप्रवास केला होता. त्याचे म्हणणे सरळ होते. सरकार सबंध देश चौकोनांत मोजून प्रत्येक कुटुंबाला १६० एकर देत आहे. हे माप पूर्वेकडच्या ओल्या मुलखाचे आहे. कोरड्या मुलखात गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला २,५६० एकर हवेत, आणि जमिनीच्या सीमा सरळ रेषांनी न आखता पाणी कोठे आहे ते पाहून आखल्या पाहिजेत. पॉवेल पुढे सरकारी भूशास्त्रीय सर्वेक्षणाचा संचालक झाला. १८९० साली कायदेमंडळाने त्याच्या सिंचन-सर्वेक्षणाचा पैसा तोडला आणि १८९४ साली त्याने पद सोडले. खरे सांगणाऱ्या अधिकाऱ्याचा शेवट पुष्कळदा असाच होतो, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.

१९०४ साली नेब्रास्काच्या पश्चिम भागासाठी हा हिस्सा ६४० एकरांवर नेण्यात आला. नवे वसाहतकार आले आणि त्यांनी वाळूत नांगर घातला. गवत फाटले, वारा शिरला, शेत उडून गेले. बहुतेकांनी काही वर्षांतच जमिनी शेजारच्या पशुपालकांना विकून काढता पाय घेतला. तेव्हा सँडहिल्समधील गवत राखले गेले ते कोणाच्या सात्त्विकतेमुळे नव्हे. भूमीनेच नांगराला नकार दिला. जेथे तिने नकार दिला नाही, तेथे माणसाचा हातही आखडला नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारे पोटॅश बंद पडले, तेव्हा पश्चिमेकडील खाऱ्या तळ्यांचे पाणी उपसून पोटॅश काढण्याचे कारखाने अँटिओक या गावी उभे राहिले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १९२१ पर्यंत कारखाने ओस पडले. तेथील माणसे इतरांसारखीच होती.

आता दक्षिणेकडे वळू. ओगलालाच्या दक्षिण टोकाला टेक्सास आणि न्यू मेक्सिको या राज्यांत ‘यानो एस्ताकादो’ नावाचे पठार आहे. १५४१ साली स्पॅनिश सरदार कोरोनादो येथून गेला. हे पठार इतके सपाट आहे की नजरेला अडखळायला टेकाडही सापडत नाही. नद्या जवळजवळ नाहीतच. आहेत त्या उथळ वाटोळ्या खळग्या, हजारोंच्या संख्येने. त्यांना ‘प्लाया’ म्हणतात. त्यांच्या तळाशी चिकणमाती असते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली झिरपते. मग माती फुगून भेगा मिटतात आणि खळगी काही काळ तळे होते. भूमिगत साठ्यात पडणारी भर ती मुख्यतः याच वाटेने, आणि तीही वर्षाकाठी इंचाचा काही अंश एवढीच. सँडहिल्समध्ये हीच भर काही इंचांची असते.

येथेही आरंभ गुरांपासूनच झाला. टेक्सास सरकारने ऑस्टिन येथील विधानभवनाच्या बांधकामाचा मोबदला म्हणून तीस लक्ष एकर जमीन देऊन टाकली आणि १८८० च्या दशकात तिच्यावर ‘एक्स-आय-टी’ नावाची प्रचंड रँच उभी राहिली. पवनचक्क्या पाणी वर ओढून गुरांची टाकी भरीत. पवनचक्कीचा एक मोठा गुण असा की वाऱ्यापेक्षा अधिक हाव तिला धरताच येत नाही. परंतु येथील माती वाळूसारखी हट्टी नव्हती, तिने नांगराला वाट दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त इंधन आणि खोलवरचे पाणी खेचणारे पंप आले. लबक शहराभोवती मैलोन् मैल कापूस डोलू लागला.

कायद्यानेही साथ दिली. इंग्लंडात एका गिरणीची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली होती. त्या खटल्यात १८४३ साली न्यायालयाने असे ठरविले की आपल्या जमिनीखालील पाणी उपसणारा शेजाऱ्याला जबाबदार नाही. १९०४ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व स्वीकारले. जमिनीखाली पाणी कोठून कोठे जाते हे इतके गूढ आहे की त्याविषयी नियम करता येणार नाहीत, हे त्यामागील एक कारण होते. १९६५ साली तर संघीय न्यायालयाने या भागातील शेतकऱ्यांना, खाणीतील खनिज संपत जावे तसे त्यांचे पाणी संपत जाते म्हणून, आयकरात सूट मान्य केली. पाणी संपत आहे हे राज्यसंस्थेने वहीत नोंदविले आणि त्या नोंदीवर सवलत दिली! परिणाम असा की टेक्सासमधील या साठ्याची पातळी सिंचनपूर्व काळाच्या मानाने सरासरीने चाळीस फुटांहून अधिक खाली गेली आहे. नेब्रास्कातील सरासरी बदल नगण्य आहे.

येथे आपला मूळ प्रश्न उग्र रूपाने पुढे येतो. एकच साठा, एकाच वंशाची माणसे, एकच बाजार. उत्तरेकडचा पशुपालक पाण्याचा रक्षक ठरला आणि दक्षिणेकडचा कापूसवाला उधळ्या ठरला. पण फरक तर वाळूचा आणि मातीचा होता! मग एकाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करण्याचा आपल्याला अधिकार काय?

कांटचा अनुयायी म्हणेल की निवड नाही तेथे नीती नाही, म्हणून स्तुती मागे घ्या. भगवद्गीतेची साक्षही वरवर पाहता याच पक्षाची आहे. उपाशी राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मनात उरतेच, असे ती बजावते; आणि इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला तर मिथ्याचारी म्हणते. या न्यायाने सँडहिल्सचा संयम हा केवळ उपवास ठरतो, वैराग्य नव्हे.

परंतु कथा येथे संपली नाही. १९५२ साली फ्रँक झायबॅक या शेतकऱ्याला एका यंत्राचे पेटंट मिळाले. मध्यबिंदूभोवती चाकांवर फिरणारा लांब नळ आणि त्यातून उडणारे तुषार, असे त्याचे स्वरूप. या यंत्राने उंचसखल आणि वालुकामय जमीनही भिजविता येऊ लागली. १९७० च्या दशकात ते सँडहिल्समध्येही पोहोचले. वाळूचा नकार शिथिल झाला, दोरी सुटली. आता काय घडले ते पाहण्याजोगे आहे. काहींनी गवत फाडून मका लावला. बाहेरचे भांडवलही आले. त्यातील पुष्कळ प्रयोग फसले आणि कित्येक वर्तुळे पुन्हा गवताखाली गेली. परंतु बहुतेक प्रदेश नांगराखाली गेलाच नाही. आजही तेथे क्षितिजापर्यंत गवतच आहे.

केवळ भीतीमुळे असे झाले म्हणावे, तर भीती यंत्राने पुष्कळ कमी केली होती. केवळ हिशेबामुळे म्हणावे, तर मक्याचा हिशेब काही वर्षे तरी मोहक होता. माझ्या मते कारण आणखी एक आहे. तीन-चार पिढ्यांच्या सक्तीने त्या लोकांना पाहण्याची सवय लावली होती. वाऱ्याने पडलेला खड्डा लहान असतानाच कुंपण घालून गुरे दूर ठेवावयाची, कुरणात गुरे सोडण्याआधी गवत किती उरले ते मोजावयाचे, तळ्याच्या काठावरून जमिनीखालची पातळी ओळखावयाची, हे सर्व त्यांनी गरजेपोटी शिकले. पण शिकता शिकता त्या भूमीचे सुखदुःख त्यांना कळू लागले, आणि जे कळते त्याविषयी हळूहळू ममत्व उत्पन्न होते. ॲरिस्टॉटलने म्हटलेच आहे की सद्गुण उपदेशाने येत नाहीत, तशा कृती करीत राहिल्याने अंगी बाणतात. सक्ती ही सद्गुण नव्हे हे खरेच. पण ती सद्गुणाची शाळा होऊ शकते. शाळेतल्या मुलाला पहिल्या दिवशी कोणीतरी हात धरूनच नेलेले असते, म्हणून त्याची विद्या खोटी ठरत नाही. आणि गोडी उरते असे म्हणणारी गीताही अभ्यासाची वाट सांगतेच की.

मग ज्यांना अशी शाळा लाभली नाही त्यांनी काय करावे? दक्षिणेकडच्या शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. त्याने आपला पंप बंद ठेवला तर पाणी वाचत नाही. ते सरकत शेजाऱ्याच्या पंपाकडे जाते. कायदा त्याला सांगतो की जो आधी उपसेल त्याचे. अशा व्यवस्थेत एकट्याचा संयम हा त्याग न राहता भोळेपणा होतो. ज्या व्यवस्थेत सज्जन मनुष्य हटकून तोट्यात जातो, ती व्यवस्थाच अनीतिमान म्हटली पाहिजे. तेथे सज्जनांच्या अभावाबद्दल शोक करीत बसण्यात अर्थ नाही.

याचे उत्तरही त्याच मैदानांवर सापडते. कान्सास राज्यातील शेरिडन काउंटीच्या परिसरात, सुमारे ९९ चौरस मैलांच्या टापूत, शेतकऱ्यांनी आपसांत विचार करून स्वतःवर मर्यादा घालून घेतली. २०१३ पासून पाच वर्षांत मिळून पंचावन्न इंचांहून अधिक पाणी शेताला द्यावयाचे नाही, म्हणजे वापर विसांश-पंचविसांश नव्हे तर शेकडा वीसने कमी करावयाचा, असे ठरले आणि त्याला शासनाच्या आज्ञेचे बळ मिळाले. प्रत्यक्षात वापर ठरविल्यापेक्षाही अधिक घटला आणि मुदत संपल्यावर मर्यादा पुढे चालू ठेवण्यात आली. येथे कोणत्याही वाळूने त्यांना अडविले नव्हते. नेब्रास्काने तर १९६९ च्या कायद्यान्वये आणि १९७२ पासून प्रत्यक्षात, नद्यांच्या खोऱ्यांना धरून नैसर्गिक साधनसंपत्तीचे जिल्हे निर्माण केले आणि त्यांचा कारभार लोकनियुक्त मंडळांकडे सोपविला. पॉवेलच्या अहवालाला तोवर शंभर वर्षे होत आली होती.

नियम म्हणजे माणसाने स्वतःच्या पायांखाली आपण होऊन पसरलेली वाळू होय. जेथे निसर्गाने नकार दिला नाही, तेथे माणसांनी एकत्र बसून तो स्वतःला द्यावयाचा असतो. सक्तीचा संयम आणि स्वेच्छेचा संयम यांतील दरी पहिल्याने वाटते तितकी रुंद नाही. सक्ती जाण्याआधी तिच्यापासून काय शिकलो, आणि ती गेल्यावर तिच्या जागी आपण काय बांधले, या दोन कसोट्यांवर मनुष्याचे आणि समाजाचे शील पारखावे.

हा प्रश्न केवळ परक्या मुलखाचा नाही. टेक्सासच्या न्यायालयाने जे इंग्रजी तत्त्व उचलले, त्याचेच भावंड आपल्याकडे १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टमध्ये येऊन बसले. निश्चित प्रवाहाने न वाहणारे आपल्या जमिनीखालील पाणी हवे तसे घेण्याचा हक्क त्याने जमीनमालकाला दिला. पुढे महाराष्ट्राने भूजलाच्या विकासाचा आणि व्यवस्थापनाचा कायदा २००९ मध्ये केला आणि तो २०१४ पासून अमलात आला. परंतु त्याही आधी नगरकडच्या हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावाने शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवावयाची, असा नियम स्वतःला घालून घेतला होता. गावाने तो पाळला, कारण तो गावाने केला होता.

आपल्यासारख्या परप्रांती नेमणूक झालेल्या मंडळींना यातून घेण्याजोगे काही असेल तर ते असे. ज्या विहिरीचे पाणी आपण पिणार नाही आणि ज्या शेताचे पीक आपल्या मुलांच्या ताटात येणार नाही, त्यांविषयीचे कागद आपल्या टेबलावरून जातात. बदली झाली की तो मुलूख आपल्या नजरेआड होतो. तेथील वाळू आपल्या डोळ्यांत कधी उडणार नाही. म्हणून आपल्याला त्या वाळूची शाळाही लाभणार नाही. ती उणीव भरून काढण्याचा मार्ग एकच. रेषा ओढण्याआधी त्या रेषेखालून पाणी कोणीकडे जाते हे जाऊन पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे, आणि ते वरिष्ठांना रुचणारे नसले तरी जसेच्या तसे सादर करणे. पॉवेलचा अहवाल त्याच्या हयातीत कोणी मानला नाही. तरीही त्याने तो लिहून ठेवला होता, म्हणून पुढच्या माणसांना तो उघडता आला.